पेढीवरची तीन वर्षे अर्जात कुठे दिसतात?

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे व्यापारी घरात कोणालाही उसंत नसते. कापडाचे दुकान असो, भांड्यांचे असो, वा किराणा मालाची घाऊक पेढी असो. घरातील प्रत्येक हात त्या दिवसांत गल्ल्यापाशी नाहीतर गोदामात गुंतलेला असतो. नेमक्या याच दिवसांत घरातील एखादा मुलगा वा मुलगी पहाटे उठून सराव परीक्षा सोडवीत असते. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या म्हणजे आयआयएमच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी कॅट ही परीक्षा गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होत आली आहे. ‘एवढा हंगाम जाऊ दे, मग बस अभ्यासाला,’ असे वडील म्हणतात. हंगाम जातो तेव्हा परीक्षेला दोन-चार आठवडे उरलेले असतात.

हा संघर्ष डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. त्याहून मोठे नुकसान मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. पदवीनंतर दोन-तीन वर्षे पेढीवर राबलेल्या मुलाचा अर्ज संस्थेत पोहोचतो, तेव्हा ती वर्षे त्यात जवळजवळ कोरी असतात. एखाद्या कंपनीत टेबलावर बसून तक्ते भरणाऱ्या त्याच्याच वर्गमित्राची वर्षे मात्र तेथे पूर्ण मोजली जातात.

सांगलीच्या हळद बाजारातील एका पेढीवरचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. दहावीला ८८ टक्के, बारावी वाणिज्यला ८१, बी. कॉम.ला ७२, पदवीनंतर तीन वर्षे वडिलांच्या हाताखाली. सकाळी सौद्याला उभे राहून माल पारखणे, गोदामातील पोत्यांचा हिशेब ठेवणे, मुंबई-गुजरातच्या मसाला कारखान्यांना माल रवाना करणे, उधारीसाठी फोन करणे, महिनाअखेरीस चार्टर्ड अकाउंटंटकडे जीएसटीचे कागद पोहोचविणे अशी त्याची कामे. चित्र कल्पित आहे, परंतु मालाचे नाव बदलले तर इचलकरंजीच्या कापडबाजारात, लातूरच्या डाळबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात ते जसेच्या तसे सापडेल. या तरुणाच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ असते : ‘कौटुंबिक व्यवसाय, तीन वर्षे.’ पगाराची पावती नाही, नेमणुकीचे पत्र नाही, स्वतःच्या नावाचे आयकर विवरणपत्र नाही. घरचाच मुलगा, त्याला पगार कसला द्यायचा, अशी रीत. अर्ज तपासणाऱ्याच्या हाती मग काहीच लागत नाही.

आधी तोलून पाहावे

अर्ज बळकट करण्यापूर्वी तो आज कोठे उभा आहे हे निर्विकारपणे पाहणे भाग आहे. व्यापारी मनुष्य दुसऱ्याच्या मालाची प्रत पाहताच सांगतो. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याचा तराजू हलतो. कधी तो ‘आमचा मुलगा हुशारच’ म्हणून अहमदाबादखाली बोलत नाही, तर कधी ‘आपल्यासारख्यांना कोण विचारतो’ म्हणून गावातल्या महाविद्यालयावर समाधान मानतो.

कॅटच्या पर्सेंटाइलबद्दलचा गैरसमज प्रथम दूर करावा. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. आपल्या मागे शंभरांतील किती परीक्षार्थी आहेत याचे ते माप आहे. अलीकडे या परीक्षेस सुमारे तीन लाख विद्यार्थी बसतात. त्यामुळे ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे वा बरोबरीने जवळपास तीन हजार जण असतात. दुसऱ्या बाजूने, अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांनाही ९९ पर्सेंटाइल मिळाले आहे. म्हणजे सर्व प्रश्न सोडविण्याचा हव्यास येथे उपयोगी नाही. १२० मिनिटांचे तीन विभाग, प्रत्येकास ४० मिनिटे. बरोबर उत्तरास तीन गुण, पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. कोणता सौदा सोडून द्यायचा हे ज्याला कळते, तो येथे पुढे जातो.

व्यापारी घरातील मुलांना आकडेमोड सहसा जड जात नाही. अडते ते इंग्रजी वाचनाच्या विभागात. तेथील बहुतेक प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. विषय तत्त्वज्ञानापासून पर्यावरणापर्यंत कोणताही. आयआयएम संस्था एकूण पर्सेंटाइलबरोबरच प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र किमान मर्यादा ठेवतात. त्यामुळे गणितात उत्तम आणि वाचनात दुबळा असा विद्यार्थी एकूण गुण चांगले असूनही गळतो. मराठी वा गुजराती माध्यमातून आलेल्या मुलाला ही उणीव तीन महिन्यांच्या शिकवणीवर्गाने भरून काढता येत नाही. वर्ष-दीड वर्ष रोज तासभर दीर्घ इंग्रजी लेख वाचणे, हाच त्यावरचा उपाय. आणि तो पेढीवर दुपारच्या निवांत वेळीही करता येतो.

दहावी-बारावीचे गुण ही मात्र जुन्या वहीतील नोंद आहे. ती खोडता येत नाही. आयआयएमच्या निवडीत शालेय आणि पदवीच्या गुणांना बरेच वजन असते, आणि संस्थेगणिक हे वजन बदलते. अहमदाबादची संस्था गुणांची तुलना करताना शाखांचे वेगवेगळे गट करते, त्यामुळे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची थेट विज्ञान शाखेशी गाठ पडत नाही. काही संस्था अभियांत्रिकीबाहेरच्या विद्यार्थ्यांना, तसेच मुलींना, थोडे अधिक गुण देतात. सांगलीच्या त्या तरुणाचे बी. कॉम.चे ७२ टक्के अहमदाबाद-बंगळूरसाठी थिटे पडू शकतील; परंतु जेथे कॅटच्या गुणांना आणि मुलाखतीला अधिक महत्त्व आहे अशा संस्थांत ते आड येणार नाहीत. प्रत्येक संस्था आपले निवडीचे निकष दरवर्षी प्रसिद्ध करते. ते कागद समोर ठेवून, पेन घेऊन, आपले गुण त्यात मांडून पाहणे हे एका रविवारचे काम आहे. बहुतेक घरांत तो रविवार कोणी काढत नाही, आणि हजारो रुपये अर्जशुल्कात जातात.

राज्यातील सीईटीचा मार्गही या वेळी मोजावा. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि १९६५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी तिच्यावरून प्रवेश मिळतो. जैन समाजास २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा उपयोग जैन अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या महाविद्यालयांतील राखीव जागांपुरता होतो. आयआयएममध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. फेब्रुवारीत समजले तर धावपळीशिवाय काही हाती लागत नाही.

कागदावर न आलेले काम

आता त्या कोऱ्या तीन वर्षांकडे वळावे. आयआयएममध्ये सहसा पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभवच मोजला जातो. महाविद्यालयात असताना सुट्टीत दुकानात बसलेले दिवस जमेस धरत नाहीत, मग ते दहा वर्षांचे का असेनात. जो अनुभव मोजला जातो त्याला पुरावा लागतो. नोकरदाराजवळ नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ असे सारे आपोआप जमते. पेढीवरच्या मुलाला ते जाणीवपूर्वक उभे करावे लागते.

यासाठी काही विशेष खटाटोप नको. मुलगा पूर्णवेळ कामाला लागला त्या महिन्यापासून त्याचा पगार ठरवावा आणि तो रोख न देता त्याच्या बँक खात्यात जमा करावा. त्याने स्वतःचे आयकर विवरणपत्र भरावे. पेढी भागीदारीची असेल आणि त्याला खरोखर भागीदार करायचे असेल, तर भागीदारीपत्रात त्याचे नाव व मेहनताना लिहावा. मालाच्या खरेदीच्या, बँकेच्या, ग्राहकांच्या पत्रव्यवहारात त्याचे नाव आणि सही दिसू द्यावी. तो कोणते काम कोणत्या तारखेपासून पाहतो याचे साधे पत्र पेढीच्या कागदावर असावे. हे सर्व दोन वर्षे नीट चालले तर अर्जाच्या वेळी वेगळे काही करावे लागत नाही.

यात एक मोह आहे आणि व्यापारी घरांना तो परका नाही. पेढी आपली, शिक्का आपला, कागद आपला. मग मागील तारखेचे पत्र लिहून तीन वर्षांची पाच करायला कोण अडवणार? अडवणारे पुष्कळ आहेत. देशातील आणि परदेशातील अनेक संस्था प्रवेश दिल्यानंतर कागदपत्रांची पडताळणी करतात. काही ठिकाणी हे काम बाहेरच्या तपास संस्थांकडे सोपविलेले असते. बँकेच्या नोंदी, आयकर विवरणपत्र आणि अनुभवाचे पत्र यांत मेळ नसेल तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, आणि तोवर इतर ठिकाणच्या जागा निघून गेलेल्या असतात. तीन वर्षांची तीनच सांगावीत. ती नीट सांगितली तर पुरतात.

नीट सांगणे म्हणजे काय, हे एका वाक्यावरून दिसेल. ‘पेढीचे काम पाहतो व विक्री वाढविण्यास हातभार लावला’ हे वाक्य कोणालाही लिहिता येते, म्हणून त्याची किंमत शून्य. त्याच तरुणाने असे लिहिले तर : ‘आमच्या एकूण विक्रीपैकी मोठा भाग दोनच कारखान्यांकडे जाई व वसुलीस सरासरी ८० दिवस लागत. पहिल्या वर्षी मी २२ लहान मसाला उत्पादकांशी व्यवहार सुरू केला, त्यांना कमी उधार व थोडा कमी दर दिला. तिसऱ्या वर्षाअखेर वसुलीचा काळ ५५ दिवसांवर आला. मात्र नफ्याचे प्रमाण थोडे घटले.’ येथे आकडे आहेत, निर्णय आहे आणि निर्णयाची किंमतही सांगितलेली आहे. शेवटचे अर्धे वाक्य गाळण्याचा सल्ला अनेक जण देतील. तो मानू नये. वाचणाऱ्याचा विश्वास त्याच अर्ध्या वाक्याने बसतो.

असे आकडे कोठून आणायचे? ते पेढीतच आहेत, रोजमेळात, खतावणीत, संगणकावरील हिशेबात. उधारीचे सरासरी दिवस, माल गोदामात पडून राहण्याचा काळ, दर बदलल्यामुळे झालेला तोटा, मोठ्या पाच ग्राहकांचा विक्रीतील वाटा हे सारे वडिलांच्या डोक्यात असते. कागदावर मांडलेले नसते. अर्जासाठी का होईना, मुलाने ते मांडले की पुष्कळदा वडीलही प्रथमच ते पाहतात.

शिफारस कोणाची

परदेशी संस्था आणि हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीसारख्या काही भारतीय संस्था शिफारसपत्रे मागतात. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड प्रत्येकी दोन मागतात. कौटुंबिक व्यवसायातील अर्जदार येथे हमखास चुकतो. वडील किंवा काका हेच त्याचे वरिष्ठ. परंतु नातेवाइकांची शिफारस स्वीकारली जात नाही, किंवा स्वीकारली तरी तिला काही अर्थ उरत नाही. मग घरातील ओळखीने एखाद्या आमदाराचे, मोठ्या उद्योगपतीचे वा विश्वस्ताचे पत्र आणले जाते. त्या पत्रात मुलाच्या घराण्याचे गुणगान असते, मुलाच्या कामाविषयी एक ओळ नसते. नाव जितके मोठे तितके पत्र पोकळ, असा बहुधा अनुभव.

ज्याने मुलाला काम करताना पाहिले आहे अशा बाहेरच्या माणसाकडे जावे. पेढीचे चार्टर्ड अकाउंटंट, खेळत्या भांडवलाचे कर्ज पाहणारे बँक अधिकारी, नियमित माल घेणाऱ्या कारखान्याचे खरेदी व्यवस्थापक, ज्यांची एजन्सी आहे त्या कंपनीचे विभागीय विक्री अधिकारी हे सारे चालतात. वाद झालेला आणि तो मिटलेला ग्राहक तर उत्तम. एखाद्या गाडीतील माल प्रतीत कमी निघाला, तरुणाने स्वतः जाऊन तो पाहिला, तुटीचा हिशेब करून रक्कम परत दिली आणि पुढल्या महिन्यात तीच कंपनी पुन्हा खरेदीस आली, अशी एक घटना ज्या पत्रात आहे ते पत्र मंत्र्याच्या पत्रापेक्षा दूर पोहोचते. शिफारस लिहिणाऱ्यास सहसा असे विचारले जाते की अर्जदाराला तुम्ही कोणती सर्वांत महत्त्वाची सूचना केली आणि त्याने ती कशी घेतली. कुटुंबाचे स्नेही या प्रश्नाशी अडखळतात. खरेदी व्यवस्थापक अडखळत नाही.

या माणसांना वेळ द्यावा. परदेशी संस्थांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसरी जानेवारीत बंद होते. दुसऱ्या फेरीचे पत्र दिवाळीच्या धामधुमीत मागितले तर कोणीही घाईत चार ओळी खरडून देईल.

झाकली मूठ

परदेशी अर्जात निबंध असतात. स्टॅनफर्डने वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला आहे : तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का. इतर संस्था नेतृत्वाविषयी, अपयशाविषयी, पुढील दहा वर्षांविषयी विचारतात. परीक्षेचा भाग येथे तुलनेने सुटसुटीत आहे. जीमॅट आता सव्वादोन तासांची, २०५ ते ८०५ गुणांची परीक्षा असून तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, तर कॅटचे गुण त्या प्रवेशवर्षापुरतेच असतात. हंगाम सांभाळून अभ्यास करणाऱ्याला ही सवलत मोठी आहे. अवघड जातो तो निबंधच.

व्यापारी घरात झाकली मूठ सव्वा लाखाची. तोटा बाहेर सांगायचा नाही, भावाभावांतील वाटणी बाहेर सांगायची नाही, एखादा ग्राहक बुडवून गेला तर त्याचे नावही काढायचे नाही. बाजारातील पत याच मौनावर उभी असते आणि ही रीत मूर्खपणाची मुळीच नाही. पण अर्जात झाकलेल्या मुठीला भाव नसतो. ‘माझी सर्वांत मोठी उणीव म्हणजे मी फार मेहनत करतो’ असली उत्तरे वाचून वाचून परीक्षक कंटाळलेले असतात. त्या तरुणाने दर चढतील या भरवशावर वडिलांचा सल्ला डावलून माल धरून ठेवला, दर उतरले, आणि पुढले सहा महिने बँकेच्या व्याजासाठी त्याला रोज हिशेब करावा लागला, ही गोष्ट खरी असेल तर तीच लिहावी. कोणाच्या चुकीने काय झाले यापेक्षा त्यानंतर त्याने खरेदीची पद्धत कशी बदलली याला जास्त जागा द्यावी. घराची बदनामी न होता हे लिहिता येते. रक्कम व नावे गाळली तरी निर्णय आणि त्याचा परिणाम राहतो.

निबंध विकत लिहून देणारे आता प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, आणि संगणकाकडूनही क्षणात लिहून मिळतो. दोहोंचा घाट सारखाच : बालपणीची एक आठवण, आजोबांचे एक वाक्य, मग जग बदलण्याचा संकल्प. हळदीचा वास मात्र कोठेच नाही. भाषा तपासून घेण्यात गैर काही नाही. आशय उसना घेतला तर मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत तो उघडा पडतो.

समाजकार्याचेही असेच. संघाच्या कार्यक्रमात शेकडो माणसांच्या भोजनाची व्यवस्था ज्याने पाहिली, विद्यार्थी वसतिगृहाच्या वर्गणीचा हिशेब ज्याने ठेवला, त्याने ते ‘समाजसेवेची आवड’ या दोन शब्दांत का गुंडाळावे? किती माणसे, किती खर्च, काय बिघडले, ते कसे सावरले, हे सांगावे. जे केलेच नाही ते अर्जाच्या आधी दोन महिन्यांत छायाचित्रांसाठी करू नये. परीक्षकांना त्या छायाचित्रांची चांगलीच ओळख असते.

मुलाखतीच्या खोलीत

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखती होतात. सांगलीत हाच नव्या हळदीच्या आवकेचा काळ; इतर पेढ्यांवर वर्षअखेरीची गडबड. पेढीवरच्या मुलाला येथे वस्तुतः इतरांहून अधिक संधी असते, कारण त्याच्या कामाविषयी परीक्षकांना खरे कुतूहल असते. ओल्या हळदीवर जीएसटी नाही, मग वाळविलेल्या हळदीवर का? सांगली, निजामाबाद आणि इरोड येथील मालात व दरात फरक कशाचा? हळदीचे वायदे होतात. तुमची पेढी त्यांचा उपयोग करते का, नसेल तर का नाही? २०२३ साली दर एकाएकी चढले तेव्हा तुम्ही काय केले? निजामाबाद येथे २०२५ साली राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. त्याने सांगलीला लाभ की हानी?

तीन वर्षे डोळे उघडे ठेवून काम केलेला मुलगा अशा प्रश्नांवर फुलतो. गादीवर केवळ बसलेला मुलगा दुसऱ्या प्रश्नालाच ‘ते वडील पाहतात’ असे म्हणतो, आणि मुलाखत तेथेच संपते, घड्याळात वेळ उरली तरी. म्हणून तयारीची खरी जागा शिकवणीवर्ग नसून जेवणाचे ताट आहे. महिनाभर रोज रात्री वडिलांनी आणि काकांनी पेढीबद्दल एकेक अवघड प्रश्न विचारावा. बाहेरच्या कोणाला असले प्रश्न सुचणारही नाहीत. व्हार्टनमध्ये तर पाच-सहा अर्जदारांना एकत्र बसवून एखाद्या प्रश्नावर तोडगा काढायला सांगतात. एकत्र कुटुंबातील व्यवसायात वाढलेल्याला दुसऱ्याचे ऐकून आपला मुद्दा पुढे नेण्याची सवय असते. मात्र घरातील धाकट्याने मोठ्यांसमोर बोलायचे नाही अशी शिस्त असेल, तर तीच सवय तेथे नडते.

परीक्षकांच्या या कुतूहलाचे कारण व्यवस्थापन शिक्षणाच्या घडणीत आहे. १९०८ साली सुरू झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने प्रत्यक्ष व्यवसायातील पेचप्रसंग वर्गात मांडून शिकविण्याची पद्धत रुजविली. १९६१ साली अहमदाबादची संस्था उभी राहिली ती याच हार्वर्डच्या सहकार्याने, आणि तिच्या उभारणीत विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई या अहमदाबादच्या दोन जैन घराण्यांतील व्यक्तींचा वाटा मोठा होता. अशा वर्गात प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्याला काही शिकवतो असे गृहीत असते. सॉफ्टवेअर कंपन्यांतून आलेल्या तरुणांनी भरलेल्या बाकांवर उधारीवर माल देऊन ती वसूल केलेला एखादा जण संस्थेला हवाच असतो. फक्त तो अर्जात दिसला पाहिजे.

मुलींचे काय? अनेक पेढ्यांचे हिशेब आज घरातील मुलगी किंवा सून ठेवते. संगणकावरची सारी नोंद तिची, बँकेशी बोलणे तिचे. पगार नाही, पद नाही, सही वडिलांची किंवा सासऱ्यांची. मुलाचा अनुभव निदान ‘कौटुंबिक व्यवसाय’ म्हणून लिहिला जातो, तिचा तेवढाही नाही. ज्या संस्था मुलींना निवडीत अधिक गुण देतात तेथेही अनुभवाच्या रकान्यात काही नसल्यामुळे ती मागे पडते. तिचा पगार ठरविणे आणि तिच्या नावे कागद करणे हे मुलाइतकेच, किंबहुना आधी, करायला हवे. त्यात बावीस-तेवीसाव्या वर्षी लग्नाचे बोलणे सुरू होते आणि अर्जाचे वर्ष निसटते. ‘लग्नानंतर शिक’ म्हणणाऱ्यांपैकी किती घरांत ते प्रत्यक्षात आले, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजावे.

परत येणार का

मुलाखतीत एक प्रश्न बहुधा चुकत नाही : घरचा चालता व्यवसाय असताना एमबीए कशासाठी? यामागे दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे शिकून झाल्यावर पेढीवर परतणार की नोकरी धरणार. दोन्ही उत्तरे चालतात. गोलमाल उत्तर चालत नाही. अडचण अशी की पुष्कळ घरांत हा प्रश्न कधी बोललाच गेलेला नसतो. वडील धरून चालतात की मुलगा परत येईल. मुलगा मनात धरून असतो की एकदा बंगळूर गाठले की सुटलो. मग तो परीक्षकांसमोर वडिलांना रुचेल ते बोलतो, आणि ते पोकळ वाजते. अहमदाबादच्या दोन वर्षांचे शुल्कच पंचवीस लाखांच्या घरात आहे, परदेशात त्याहून कितीतरी अधिक. एवढा खर्च कशासाठी, हे दोघांनी स्पष्ट बोलणे व्यवहारालाही धरून आहे.

परतायचेच असेल, आणि लवकर परतायचे असेल, तर दोन वर्षे पेढी सोडणे आवश्यकच आहे असे नाही. मुंबईत अंधेरी येथे, साहू श्रेयांसप्रसाद जैन यांचे नाव धारण करणाऱ्या एसपीजेआयएमआर या भारतीय विद्या भवनच्या संस्थेत, कौटुंबिक व्यवसायातील तरुणांसाठी १९९७ पासून स्वतंत्र अभ्यासक्रम चालतो. त्यात विद्यार्थी ठरावीक दिवस संस्थेत राहतो आणि उरलेला काळ पेढीवर परतून शिकलेले तेथे वापरून पाहतो. आयएसबीतही कौटुंबिक व्यवसायासाठी टप्प्याटप्प्याने चालणारा अभ्यासक्रम आहे. ज्याला नोकरीची निवड करावयाची नाही त्याने केवळ नावासाठी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमामागे धावावे का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. याउलट ज्याला खरोखर बाहेरचे जग पाहायचे आहे, त्याला कौटुंबिक अभ्यासक्रमात बसविणे म्हणजे खुंट्याचा दोर थोडा लांब करणे.

कॅटची नोंदणी ऑगस्टच्या सुरुवातीस उघडते आणि सप्टेंबरात बंद होते. घरातले हे बोलणे त्याआधी, पावसाळ्यात बाजार मंद असतानाच, होऊन जावे. सांगलीच्या त्या तरुणाने तेव्हा पेढीच्या तीन वर्षांच्या वह्या समोर घेतल्या, पहिला पगार कोणत्या महिन्यात बँकेत जमा झाला ती तारीख शोधली आणि खरेदी व्यवस्थापकाला फोन करून शिफारसपत्राविषयी विचारले, तर दिवाळीपूर्वीच्या तीन आठवड्यांत त्याला पहाटे फक्त उतारेच वाचावे लागतील, आणि दहा वाजता तो दुकानात असेल.